तेवाचं पांढरं कापड

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटायचं. याचं श्रेय माझ्या स्वभावाला नाही. माझी जीभ तिखट आहे, हे मोकेंडे गावातली शेळीसुद्धा सांगेल. श्रेय तेवाचं. बाइंदू वहिनी तेवाला डोक्यावर घेऊन नाचायची आणि मी चटई घेऊन तिच्या मागे फिरायचे. अशी तीस वर्षं गेली. एखाद्या बाईच्या पाठीमागे तीस वर्षं चाललं की तिच्याशी भांडायला समोर यायला सवडच होत नाही.

तेवा म्हणजे मुखवटा, पण नुसता तोंडावर बांधायचा नव्हे. उपड्या हंड्यासारखा डोक्यावरून थेट खांद्यांवर येऊन बसणारा, काळाभोर, पामतेलाने चोळून चमकवलेला. कपाळ रुंद, डोळे बारीक, मानेला तीन वळ्या आणि तोंड मिटलेलं. आमच्या मेंदे लोकांत देखणी बाई ती अशी. कपाळापुरती मी बरी होते, मिटल्या तोंडाचं कधी जमलं नाही.

हे सगळं आमच्या सांदेचं, म्हणजे बायकांच्या मंडळाचं. मुली वयात आल्या की रानात जातात, तिथे आम्ही त्यांना जे शिकवायचं ते शिकवतो, आणि बायका होऊन त्या गावात परत येतात त्या दिवशी तेवासारख्या मुखवट्या (बाईचा मुखवटा ती मुखवटी) नाचतात. रानातलं मी सांगणार नाही. मुखवटा कोणी कोरला हेही बाईने विचारायचं नसतं. तेवा नदीच्या तळातून वर आली, बस. ती यायच्या आधी वांदी सुतार दोन महिने गावातून नाहीसा झाला होता आणि अंगठ्याला चिंधी बांधून परतला होता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि मान वळवून नदीकडे बघत बसलो.

तिचं नाव वहिनीला स्वप्नात कळलं. नाव कळलं की मुखवटा आणि नाचणारी यांची गाठ पडते. ती बाई म्हातारी होऊन नाचायची थांबली की मुखवट्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवतात. आणि ती बाई मेली की कापड सोडून मुखवटा शेवटचा बाहेर येतो, तिच्यापुढे थडग्यापर्यंत चालतो, आणि मग नदीत परत जातो. तेवा पुढे आणि बाइंदू मागे, अशी वहिनीच्या मरणाची वाट ठरलेली होती. तिला मरणाचं भय म्हणून नव्हतंच. 'तेवा असेल की पुढे,' म्हणायची, जणू शेजारच्या गावाला जायचंय.

माझं काम चटईचं. नाचणारीचं नखसुद्धा दिसता कामा नये. बाह्या टोकाशी शिवून बंद, पायांत मोजे, अंगभर काळ्या तंतूंच्या झालरी. एक गाठ सुटून मनगट दिसलं तर अख्ख्या सांदेचं नाक कापलं जातं. म्हणून गाठ सैल झाली की मी चटई आडवी धरायची आणि तिच्याआड गाठ आवळायची. शिवाय तेवा बोलत नसे. ती हाताने जे सांगे ते मी लोकांना ओरडून सांगत असे. आत कोण आहे ते सगळ्या गावाला माहीत असतं आणि कोणी म्हणत नाही. माझा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, संध्याकाळी घामाने निथळणाऱ्या बायकोला विचारायचा, "शेतावर गेली होतीस का?" ती म्हणायची, "हो." तो म्हणायचा, "ऊन फार होतं आज." माझा भाऊ भोळा नव्हता, शहाणा होता.

तेवासारखीच आणखी एक असते, गोंडे. ही आमची विदूषक. तेवा जे करते त्याच्या उलट सगळं हिचं. अंगावर चिंध्या, कमरेला माशांचे रिकामे डबे, मुखवटा जुनापुराणा, कुठला तरी चिरलेला, वर पांढरे-तांबडे पट्टे. गोंडे बोलते, शिव्या देते, लोकांच्या ताटातला भात पळवते. तिचं मनगट दिसलं, पोटरी दिसली तरी चालतं, म्हणून गोंडेला चटईवाली नसते. आणि गोंडेवर रागवायचं नाही हा नियम. तिने तुमची नक्कल केली तरी हसायचं. आमच्याकडे गोंडे व्हायची बोई. ती नुसती उभी राहिली तरी पोरं लोळायची.

आता केमा. ती आमची माजो, म्हणजे सांदेची मुख्य. वहिनी आणि केमा एकाच वर्षी रानात गेल्या, एका चटईवर निजल्या, एका ताटात जेवल्या. रानातली बहीण ही पोटच्या बहिणीहून जवळची मानतात. पण त्या वर्षी नाचायला निवडली गेली वहिनी. केमाचे पाय तिचं ऐकत नसत. त्या वेळी ती म्हणाली होती की अंगण उताराचं आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पुढे आईच्या मागून ती माजो झाली, सगळ्या बायका तिच्यापुढे वाकू लागल्या, आणि आम्हाला वाटलं, झालं, मिटलं.

वहिनीचा डावा गुडघा गेला तेव्हा ती पन्नाशीची असेल. एका दुपारी नाचता नाचता तेवा खाली बसली आणि उठेना. मी चटई धरली, आड उभी राहून तिला बगलेत हात घालून उठवलं आणि लोकांना ओरडून सांगितलं की तेवा जमिनीचं ऐकते आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी तेवाच्या डाव्या कानाखाली तडा गेला. तो मी मेणाने भरला.

त्यानंतर तेवाला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. वहिनीला ती आपल्याच घरात हवी होती. पण आमचं छप्पर गवताचं आणि भिंतीतून वाळवी. केमाच्या घरावर नवे पत्रे बसले होते. केमा स्वतः आमच्या ओसरीवर आली, शब्द देताना मोडतात तसं कोलाचं फळ मोडून अर्धं वहिनीला दिलं आणि म्हणाली, "माझ्या आईचा मुखवटा जिथे आहे तिथे तुझी तेवा ठेवते. पांढऱ्या कापडात. तुझा दिवस येईल तेव्हा मी स्वतः गाठ सोडीन."

वहिनी गप्प बसली. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, वहिनी, केमावर नाही तर कोणावर विश्वास टाकणार, तुझी रानातली बहीण ती. इथे वाळवी खाईल तिला. असं मी दोन दिवस तिच्या मागे लागले. शेवटी तिने तेवाला तेल लावलं, कापडात गुंडाळलं आणि माझ्या डोक्यावर दिली. केमाच्या घरी मीच नेऊन पोचवली, या माझ्या दोन पायांनी.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. केमाची मुलगी नाचण्याजोगी झाली होती. तिच्यासाठी नवी मुखवटी आली, नदीतूनच, अर्थात. गाव नव्या मुखवटीची वाट बघत होतं. मुली रानातून परत यायच्या आधी आठेक दिवस मी केमाकडे मीठ मागायला गेले. मागच्या अंगणात तीन डबे होते, पांढऱ्या, तांबड्या आणि निळ्या रंगाचे. बोई तिथे डावा पाय ओढत चालून दाखवत होती आणि केमा ओट्यावर बसून हसत होती. मला पाहून बोई थांबली. केमाने मीठ दिलं, मागितलं होतं त्याच्या दुप्पट.

मी घरी आले. काहीतरी डाचत होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही. कालवण चुलीवर होतं, ते ढवळत बसले.

मुली परतल्या त्या दिवशी वहिनीला मानाने पुढच्या ओसरीवर बसवलं. शेजारच्या गावांचे पाहुणे होते, ढोल होते. केमाच्या मुलीची नवी मुखवटी नाचली. चांगली नाचली, खोटं कशाला बोलू. मग डब्यांचा खडखडाट झाला आणि गोंडे आली.

चिंध्या, डबे, तोंडभर रंग. गाल पांढरे, ओठ तांबडे, कपाळावर निळा पट्टा. लोक आधीच हसायला लागले. ती पाय ओढत आली, डावा. मध्येच थबकली, कंबरेवर हात ठेवून कण्हली, आणि मग जमिनीवर बसली आणि उठेना. तिने आपलाच कान जमिनीला लावला. "जमीन काय म्हणते सांगू?" ती ओरडली. "जमीन म्हणते, म्हातारे, घरी जा."

लोक हसून हसून रडले. मला आधी कळलं नाही. मग ती आमच्या ओसरीसमोर येऊन मान वेळावू लागली तेव्हा डाव्या कानाखाली रंगातून वर आलेली मेणाची रेघ मला दिसली. माझ्या बोटाचा ठसाही होता त्यात.

वहिनीला माझ्या आधीच दिसलं होतं. ज्या मुखवट्याच्या आत तुम्ही तीस वर्षं श्वास घेतलाय तो तुम्हाला बाहेरून ओळखू येणार नाही होय? ती हलली नाही. गोंडेने तिच्यापुढे हात पसरला. गोंडेने मागितलं की द्यावं लागतं. वहिनीने डोक्याचं फडकं सोडून तिच्या हातात ठेवलं. आणि नियम आहे म्हणून हसली. तिचं ते हसणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दुसऱ्या सकाळी ती काठी घेऊन केमाकडे गेली. मी मागे. केमा तांदूळ पाखडत होती. ती आधीच बोलायला लागली. गोंडेचा जुना मुखवटा वाळवीने खाल्ला होता, पाहुणे यायचे होते, नव्या मुखवटीनंतर वांदी हातात पटाशी धरत नाही. "आणि तुझी नुसती पडूनच होती," ती म्हणाली.

"पडून नव्हती," वहिनी म्हणाली. "निजली होती."

"बाइंदू, वेड्यासारखं करू नकोस. लाकूड आहे ते."

आमच्या सांदेची माजो, जिने शेकडो मुलींना सांगितलं की ती नदीच्या तळातून येते, तिच्या तोंडून हा शब्द. वहिनीने तिला विचारलं,

"हे तू कालच्या पोरींना सांगितलंस का?"

केमाचं सूप थांबलं. मग जे तीस वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं. म्हणाली, सगळ्या वाकायच्या माझ्यापुढे आणि बघायच्या तुझ्याकडे. मान मला आणि नजर तुझ्यावर. माझ्या पोरीच्या दिवशी तरी तुझी आठवण कोणाला येऊ नये असं वाटलं मला, वाटलं तर काय चुकलं?

"मग मला सांगायचंस," वहिनी म्हणाली. "मी त्या दिवशी आलेच नसते. तेवावर लोकांना का हसवलंस?"

केमा पुन्हा पाखडायला लागली.

दाद कुठे मागणार? गावच्या चीफकडे जावं तर तो पुरुष, सांदेची गोष्ट त्याच्या कानावर घालता येत नाही. बायकांचा न्याय माजो करते, आणि माजो केमा. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. तेवा परत आणावी तर तेही नाही. जिच्यावर गाव एकदा हसलं ती पुन्हा पांढऱ्या कापडात जात नाही, हा नियम केमाच्या आजीच्याही आधीचा. केमाला तो चांगला ठाऊक होता. केसाने गळा कापला म्हणतात तो असा.

परतताना पाणवठ्यापाशी वहिनी थांबली.

"तुला ठाऊक होतं?"

नाही म्हणता आलं असतं. पण मी रंगाचे डबे सांगितले, बोईचा ओढलेला पाय सांगितला, दुप्पट मीठसुद्धा सांगितलं. म्हटलं, माझी खात्री नव्हती.

ती रागवली नाही. रागवली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "यात्ता, तू चटई धरायचीस ना गं."

एवढंच. त्यानंतर तीन वर्षं आम्ही एका अंगणात राहिलो. ती माझ्याशी मीठ, सरपण आणि कोंबड्यांबद्दल बोलायची. केस विंचरायला मात्र शेजारच्या पोरीला बोलवायची. माझी जीभ त्या तीन वर्षांत जेवढी गप्प राहिली तेवढी जन्मात राहिली नव्हती. केमा एकटीच दोषी असती तर मीही तिच्या नावाने सुखाने बोटं मोडली असती.

चौथ्या वर्षी कापणीच्या वेळी वहिनीला ताप भरला आणि उतरेना. मरणारी सांदेची जाणती बाई आपल्यापुढे कोणी चालावं ते सांगते, आणि तिचा शब्द माजोलाही मोडता येत नाही. सगळ्या जमल्या. केमा उशाशी बसली. तिने आधीच मनाशी ठरवून आणलं होतं: तिच्या मुलीची नवी मुखवटी चालेल, गावात तिच्याएवढी देखणी दुसरी नाही.

वहिनी म्हणाली, "तेवा चालेल."

केमा घाईघाईने म्हणाली की बरं, तसं करू, ती रंग खरवडून काढील, पानं उकळून पुन्हा काळी करील, तेल लावील, नियम मोडून नवं पांढरं कापडही आणील.

"नको. काही पुसायचं नाही. चिंध्या, डबे, रंग, जशी केलीस तशी येऊ दे. आणि तू तिच्या बाजूने चाल."

"बाइंदू, लोक हसतील."

"मग हसू देत. मागे हसले तेव्हा तू होतीसच की."

केमा रडायला लागली. मला तिची कीव आली नाही, अजून येत नाही. वहिनीने मान वळवली आणि मला शोधलं. मी जवळ गेले. तीन वर्षांनी तिने माझा हात धरला, पण बोलली काहीच नाही. दोन दिवसांनी ती गेली.

मयताच्या सकाळी बोई माझ्याकडे आली. मोठमोठ्याने लोकांना हसवणारी बाई, पण लहान पोरीसारखी उभी होती. तिने सांगून टाकलं की मुखवटा कोणाचा ते तिला ठाऊक होतं, माजोने सांगितलं म्हणून केलं, पाय ओढायचंही माजोनेच शिकवलं. "माजोला नाही कसं म्हणू?" ती म्हणाली. "आज कशी चालू ते सांग. मला फक्त वेडंवाकडंच येतं."

मी अंगणात तिला तेवाची चाल दाखवली. दोन पावलं संथ, मग थोडी थांबायची, मान किंचित खाली, जशी भरला घडा घेतलेली बाई उंबऱ्यापाशी थांबते. बोईने तीन वेळा केली. चौथ्यांदा मला बघवेना.

मग मी घरात जाऊन चटई काढली.

गोंडेला चटईवाली नसते. मी चटई घेऊन तिच्या मागे उभी राहिले तेव्हा बायकांमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. मिरवणूक निघाली. पुढे चिंध्या पांघरलेली, तोंडाला पांढरे-तांबडे पट्टे फासलेली तेवा, बाजूला खाली बघत चालणारी केमा, मागे वहिनी. प्रत्येक पावलाला माशांचे डबे वाजत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, तेच सगळे. कोणी हसलं नाही. एक छोटी पोर हसायला गेली तर तिच्या आईने तिचं तोंड दाबलं.

पाणवठ्याच्या वळणावर बोईच्या चिंध्यांतून मनगट दिसलं. गोंडेचं दिसलं तरी चालतं. मी पुढे झाले, चटई आडवी धरली आणि चिंधीची गाठ आवळून बांधली. आत बोई हुंदके देत होती. मी बाहेरून लोकांना ओरडून सांगितलं की तेवा जरा थांबली आहे, तिला घाई नाही.

माती लोटल्यावर मी तेवाला नदीवर नेलं. केमाला यायचं होतं. मी म्हटलं, माजो, तुमचं काम झालं. नदीवर मी आणि बोई दोघीच गेलो. डबे आणि चिंध्या सोडून टाकल्या. मग बोईने तिला पाण्यात ठेवलं आणि मी काठावर चटई धरून उभी राहिले, गावाकडे पाठ नाही, तोंड करून. मी एकदाच मागे वळून पाहिलं, बाकी कोणाला काही दिसू दिलं नाही.

केमा आता फार म्हातारी झालीय. तिची माजोकी तिच्या मुलीकडे गेली. कधी कधी काठी टेकत माझ्या ओसरीवर येते, कोलाचं फळ मोडून अर्धं मला देते, ते मी बाजूला ठेवून देते. मग थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून विचारते, "यात्ता, त्या दिवशी ती तरंगली की बुडाली?"

लाकूड असेल तर तरंगेल, आणि तळातून आलेली असेल तर तळाला जाईल. एवढंच तिला जाणून घ्यायचं असतं. मला ठाऊक आहे, बोईला ठाऊक होतं. सगळं गाव म्हणतं यात्ताच्या तोंडात तीळ भिजत नाही. हा एक तीळ भिजलाय. मी केमाला तिच्या गुडघ्याचं विचारते.